मना कोनी इचारलं

"मना कोनी इचारलं?" एवढंच म्हणाली ती, आणि फोन ठेवून दिला. रागानं म्हणाली असती तर मितेशनं ते अंगावरून झटकून टाकलं असतं, आईचा राग त्याच्या अंगवळणी पडला होता. पण ती अगदी साधेपणानं म्हणाली. भाजीत मीठ घातलंस का, असं कुणी विचारावं तसं. ऐरोलीच्या त्या काचेच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर मितेश डबा उघडून बसला होता. पोळीचा घास तोंडात होता, तो गिळावा की नाही हे क्षणभर त्याला सुचेना. त्याच्या आधीची दोन मिनिटं तोच बोलत होता. शुक्रवारी सकाळी ॲडमिट व्हायचं, आदल्या रात्री जेवणानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही, बांगड्या काढून ठेव, मी सगळं पाहिलंय, तू टेन्शन घेऊ नकोस. सगळं नीट क्रमानं सांगितलं होतं. बोलताना त्याला आपल्याच आवाजाचं थोडं कौतुकही वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. आणि मग पलीकडून ते तीन शब्द आले.

आता गंमत अशी की मितेशचा धंदाच उत्तरांचा. एखाद्या कंपनीच्या साइटवर कोपऱ्यात खिडकी उघडते ना, 'मी आपली काय मदत करू' म्हणणारी, तिच्या पोटात जी उत्तरं भरलेली असतात ती मितेश आणि त्याची टीम लिहायची. माझी वस्तू कुठे अडकलीये, पासवर्ड विसरलो, खातं बंद कसं करू. माणूस विचारायच्या आधी उत्तर तयार. वरिष्ठांचा एक नियम होता आणि तो मितेशला मनापासून पटलेला होता. ग्राहकानं दुसऱ्यांदा विचारलं, की समजायचं आपलं उत्तर फसलं. चांगलं उत्तर म्हणजे ज्याच्यानंतर माणूस गप्प होतो. गेली कित्येक वर्षं मितेश माणसांना गप्प करत होता, त्याबद्दल त्याला दोनदा बक्षीसही मिळालं होतं. जेवण तसंच ठेवून तो जागेवर आला, समोरच्या पडद्यावर अर्धवट वाक्य होतं, 'आपली गैरसोय झाली असल्यास', आणि त्याच्यापुढे त्याला एक अक्षर सुचेना.

गाठ आईच्या गळ्यात होती, डाव्या बाजूला, पेरूएवढी. आधी तिनं ती पदराखाली झाकली, मग मितेशची बायको स्मिता हिच्या नजरेला आली आणि मग मितेशनं सगळं हातात घेतलं. तसा तो गुणाचा मुलगा. खांदेश्वरहून बोनकोड्याला दर रविवारी येणारा, वाशीच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जाणारा, खात्री म्हणून दुसऱ्याही डॉक्टरांना रिपोर्ट दाखवणारा. दोघांनी एकच सांगितलं. गाठ साधी आहे, वाईट काही नाही, पण वाढतेय. श्वासनळीवर दाब यायच्या आत काढलेली बरी. आवाजाची नस तिथूनच जाते, त्यामुळे क्वचित कुणाचा आवाज बसतो, क्वचित जातोही, पण आम्ही काळजी घेतो. मितेशनं एकूण एक प्रश्न विचारले होते. धोका किती, मुक्काम किती, टाके कधी, जेवण काय. डॉक्टर भला माणूस. सगळं झाल्यावर त्यानं खुर्ची जराशी वळवली आणि विचारलं, "आईंना काही विचारायचंय का?" आणि मितेश म्हणाला होता, "नाही नाही, तिला मी सगळं समजावलंय." आई शेजारच्या खुर्चीतच होती. हातात पदराचं टोक. तिनं तोंड उघडलं होतं का तेव्हा? मितेश आठवू लागला. उघडलं होतं बहुतेक. मग मिटलं होतं. हे आता दिसत होतं, एसीच्या गारठ्यात, तेव्हा मात्र त्यानं उठून दार उघडून धरलं होतं, पुढच्या पेशंटला जागा म्हणून.

त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण विचारणाऱ्या चौकटीत काय लिहावं कळेना, शेवटी 'वैयक्तिक' लिहिलं आणि खाली येऊन स्कूटर काढली. ठाणे-बेलापूर रस्त्याला दुपारचं ऊन नुसतं ओतत होतं. घणसोली मागं पडली तशी हवेत खाडीचा वास आला. चिखल, खारफुटी आणि कुठंतरी वाळत पडलेलं सुकट, असा तो वास. हा वास आला की मितेशचं वय आपोआप सहा होई. आई पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून पुढं, हा मागं. तेव्हा कोपरखैरण्याला इमारती नव्हत्या असं नाही, पण बांधापलीकडे अजून पाणी होतं आणि पाण्याकडे बघत जाता यायचं. आणि ह्या पोराच्या तोंडाला बांध म्हणून नव्हता. आय, ओहोटीला पानी कुटं जातं? आय, निवटीला पाय हायत तं ती मासली कशी? आय, भरतीला कोन सांगतो, ये म्हनून? गावातल्या बाया हसायच्या, शांते, तुझ्या पोराला तू जेवायला देतेस का सवालच भरवतेस? आई हसायची नाही आणि चिडायचीही नाही. तिला एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, हे मितेशला पुढं कळलं, आणि कॉलेजात असताना त्याची थोडी लाजही वाटली. ती चालता चालता पाटी सावरायची आणि म्हणायची, "तुला काय वाटतं, बाला?" मग सहा वर्षांच्या पोराला सगळा बांध संपेपर्यंत काहीबाही वाटत राहायचं. पाणी पाहुणं म्हणून जातं. पाणी समुद्राला शोधायला जातं. ती सगळं ऐकून घ्यायची, "आसंल" म्हणायची. मग शाळा आली, आणि शाळेत प्रश्न गुरुजींनी विचारायचे असतात. मार्क उत्तराला. मितेश हुशार निघाला, त्यानं विचारणं सोडून दिलं. आईला शेवटचं काय विचारलं होतं आपण, खरं विचारलं होतं, जेवलीस का, औषध घेतलंस का ही हजेरी सोडून? सिग्नल हिरवा झाला आणि मागून हॉर्न वाजू लागले तरी त्याला आठवेना.

बोनकोड्यातल्या घराच्या जागी आता चार मजली इमारत होती, तळमजल्याची पुढची खोली आईची. दाराला कुलूप. शेजारच्या गाळ्यात खैरुन्निसा ब्लाउज शिवत बसली होती, श्रीवर्धनकडची बाई, लग्न होऊन इथं आलेली, आईशी तिचं गूळपीठ. मशीन न थांबवता ती म्हणाली, "शांतीबाय गेली की देवलात. कौल लावायचाय बोलली. तुला नाय सांगितलंन?" मितेश म्हणाला, नाही. आणि त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की मला कोणी विचारलं? नशीब, तो तोंडावाटे बाहेर पडला नाही. तो तिथंच गाळ्याच्या पायरीवर उभा राहिला. मग मात्र त्याला खरोखरच राग आला. दोन दोन डॉक्टर केले, रिपोर्ट केले, आणि ही बाई देवीच्या खांद्यावर कळ्या चिकटवून विचारणार, ऑपरेशन करू का नको. आणि डावी कळी पडली तर? झालं, मग ब्रह्मदेव आला तरी ती हलणार नाही. वाढू दे गाठ. हॉस्पिटलची तारीख, स्मितानं बदलून घेतलेली सुट्टी, सगळ्यावर पाणी. तो देवळाच्या दिशेनं जवळजवळ पळतच सुटला. रागाच्या खाली मात्र दुसरंच काहीतरी होतं, आणि ती भीती होती. ती नाही म्हणाली तर एक दिवस तिचा श्वास अडकेल आणि आपण खांदेश्वरला असू, ही भीती.

गावदेवीच्या देवळात पंखा फिरत होता. सात-आठ बाया भिंतीला टेकून बसलेल्या, त्यात बायजाबाई पुढं. बायजाबाई म्हणजे आईची झीलकरीण, तिच्या मागून सूर धरणारी. आई गावची धवलारीण आहे हे सांगायचंच राहिलं. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असला नसला तरी एकवेळ चालतं, पण धवलारीण नसली तर मांडव मुका. मुहूर्तमेढीपासून हळद उतरेपर्यंत तिनं धवले गायचे, बाकीच्यांनी मागून झेलायचे. आईच्या मांडीवर डोकं ठेवून मितेशनं किती मांडवांत झोपा काढल्या त्याला गणती नाही, आणि डोळे मिटता मिटता एकदा त्यानं विचारलं होतं ते आता दाराच्या खांबाला हात लावताना कुठूनसं वर आलं. तिचे धवले सगळे प्रश्नच असायचे. अंगण कोणी सारवलं, मांडव कोणी घातला, नवरीच्या डोळ्यांत पाणी कुठून आलं. ती विचारायची आणि मागच्या बाया उत्तर द्यायचं सोडून तोच प्रश्न परत म्हणायच्या. "आय, तू सगल्यांना इचारतेस, मंग कोनीच कसा सांगत नाय?" तिनं त्याच्या केसांतून हळदीचा हात फिरवला होता. "सांगितला तं गाना थांबल ना बाला." हे त्याला त्यानंतर कधीही आठवलं नव्हतं.

देवीसमोर ज्ञानूकाका गुरव उकिडवे बसले होते. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून त्यांनी देवीच्या दोन खांद्यांना लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कौलाची रीत अशी की प्रश्न मनात ठेवून चालत नाही. देवी मनातलं ओळखते, पण गावाला ऐकू गेलं पाहिजे. आणि प्रश्न एकच, सरळ, हो नाही म्हणता येईल असा. ज्ञानूकाका त्यात पक्के. लोक मोठमोठी गाऱ्हाणी घेऊन यायचे आणि काका ती छाटून छाटून एका ओळीवर आणायचे. आईनं मितेशला दारात पाहिलं. थांबली नाही. हात जोडले, गळ्यातली गाठ पदराबाहेर आली होती, तीही तिनं झाकली नाही.

"गावदेवी माय," ती म्हणाली, "शुक्रवारी मी गला कापून घ्यायला जाते."

"म्हंजे त्याचा कौल ना," ज्ञानूकाका म्हणाले. "मंग आसा बोल, जाऊ का नको जाऊ."

"त्याचा कौल नको. तो डागदराला कलतो, देवीला कशाला तरास. मना दुसरं इचारायचं हाय." तिनं एकदा आवंढा गिळला, गाठ वर गेली, खाली आली. "माय, माझा आवाज गेला, मी मुकी झाली, तं तवा तरी माझा पोर मना काय इचारल का?"

बायजाबाईनं मितेशकडे बघितलं आणि लगेच नजर जमिनीवर नेली, ते बघणं त्याला चपराकीसारखं बसलं. काकांनी प्रश्न छाटायला तोंड उघडलं, पण छाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकच होता, सरळ होता. सगळे कळ्यांकडे पाहू लागले. मितेशही पाहू लागला. कळ्या ओल्या, पांढऱ्या, देवीच्या शेंदरी खांद्यावर घट्ट चिकटलेल्या. उजवी किंचित हलली असं वाटलं, पंख्याचा वारा असेल. पड, तो मनात म्हणत होता, उजवी पड, हो म्हण. आयुष्यात देवळाच्या पायरीवर चप्पल काढतानाही जो कंटाळायचा तो माणूस एका कळीला विनवत होता. देवी काही बोलेना. किती वेळ गेला कोण जाणे. एक बाई खोकली. ज्ञानूकाका हळूच म्हणाले, "माय गप हाय. सवाल मानसाला परत करते ती कवा कवा." आणि तेव्हा, आत्ता कुठं, मितेशच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण कशाची वाट बघतोय? आपण आपल्या आईला काही विचारू की नाही, हे आपल्याला एक कळी सांगणार आहे? त्याला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं, आणि दोन्ही बाहेर पडू नयेत म्हणून तो चालत गेला आणि आईच्या शेजारी फरशीवर मांडी घालून बसला. फरशी गार होती. ऑफिसची पँट गुडघ्यात ताणली गेली.

उत्तरं मात्र लगेच हजर झाली, सवयच ती. घाबरू नकोस. काही होणार नाही आवाजाला. आणि त्यातूनही गेलाच तर हल्ली मशीन मिळतात. तुझे धवले मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवतो. ओळीनं उभी राहिली, प्रत्येकाच्या शेवटी आई गप्प होणार होती. त्यानं ती तोंडातल्या तोंडात धरून ठेवली. इतकं सोपं काम इतकं कठीण असेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग तो म्हणाला, "आय, तुला काय वाटतं?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं. ओळख पटवावी तसं पाहिलं. मितेशनं मधली जागा भरली नाही.

"गोटीरामच्या पोरीचं, भाविकाचं, लगीन हाय, म्हायनाभरात," ती शेवटी म्हणाली. "तिच्या आयच्या मांडवात मी गायली, आजीच्या हलदीला माझी आय गायली. ही पोर मना येऊन बोलून गेली, शांतीकाकू, डीजे असूदे, पन पयला धवला तुझा. मी हो बोलली तिला. कापायला मी भीत नाय रे. आवाज राह्यला तं बरंच हाय. पन नाय राह्यला तं? येक मांडव पुरा करून जाईन बोलते. तेवढी तारीख पुढं जाईल का, येवढंच मना डागदराला इचारायचं व्हतं. तू दार उघडून उभा राह्यलास."

मितेश मान खाली घालून ऐकत होता. यातलं काही म्हणजे काही त्याला सुचलं नव्हतं. दोन डॉक्टरांना मिळून इतकं विचारलं आणि थांबता येईल का, हे विचारलंच नव्हतं. कारण थांबायचं कशासाठी, हे त्याला कुठं ठाऊक होतं?

"आनि येक हाय," आईनं आवाज उतरवला, पण बाया पुढं सरकल्याच. "गुंगीचं इंजेक्षन देतात ना, त्यात मानूस बडबडतं म्हनतात. मी काय बोलन, कोनाचा काय काढन, मना त्याची लाज वाटते. डागदर ऐकतात का ते?"

बायजाबाईला पहिल्यांदा हसू फुटलं. "तुझं काय ऐकतील गो? डीजे आनतो म्हनून गोटीरामला शिव्या देशील तेवढंच." मग सगळ्याच हसल्या, आईही हसली, तोंडावर पदर घेऊन. त्या हसण्यात केव्हातरी एक कळी पडली. ज्ञानूकाका निरांजन सरळ करायला वळले होते, त्यांनी पाहिलं तेव्हा ती देवीच्या पायाशी होती आणि दुसरीही तिच्या शेजारी.

"कुठली पयली पडली? उजवी का डावी?" काका कावरेबावरे झाले. "कोनी बघितली का?"

कुणीच बघितली नव्हती. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. आईनं दोन्ही कळ्या उचलल्या, डोळ्यांना लावल्या आणि पदराच्या गाठीत बांधल्या. "असूदे ज्ञानूदादा," ती म्हणाली, "माझा इचारून झाला."

मितेश बाहेर पायरीवर आला आणि त्यानं हॉस्पिटलला फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, बाहेर आले की फोन करतील, असं तिथली मुलगी म्हणाली. आई मागोमाग येऊन पायरीवर बसली. समोरच्या मैदानात मंडप उभा करायचे बांबू उतरवून ठेवले होते, कुणाचे कोण जाणे, एक कुत्रं त्यांच्या सावलीत झोपलं होतं.

"पुढं ढकलता येईल का नाही, मला माहीत नाही, आय," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं आईसमोर याआधी कधी उच्चारलं होतं का? "कदाचित नाही म्हणतील. गाठ वाढतेय म्हणतात. नाही म्हणाले तर?"

"मंग शुक्रवारी जाऊ. तू इचार तरी."

"मी नाही, तू विचार. फोन आला की तुझ्याच हातात देतो. बडबडीचंही विचार."

ती पायरीवर जरा ऐसपैस बसली. मग मितेशला राहवलं नाही. "तुझे धवले फोनमध्ये घेऊ का, आय? विचारतोय फक्त."

"घे की. पन नुसता ठेवून काय करशील? मागनं झेलनारा लागतो. बायजाला दमा हाय, पोरींना येळ नाय."

"मी झेलू?"

"तू?" तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्या गुडघ्यात चुरगळलेल्या पँटसकट. "बाप्यांचा नाय तो." मग जरा थांबून, "पन हितं कोन बघतंय," म्हणाली, आणि गळ्यावर, त्या गाठीवरच हात ठेवून तिनं सूर धरला. आवाज जरा घोगरा होता, वर जाताना किंचित अडखळला, पण होता. बांधावरून पुढं चालताना मागं वळून यायचा तोच.

"कोनी गो सारविला अंगना, कोनी गो घातिला मांडव?"

मितेशच्या तोंडाला उत्तर येऊ घातलं होतं, ते त्यानं गिळलं. "कोनी गो सारविला अंगना," त्यानं हळू आवाजात धरलं, सूर चुकला, आईनं मानेनं वर घे म्हणून खुणावलं. खिशात फोन थरथरू लागला. दोघांनाही तो कळला. आईनं हात पुढं केला, पण आधी बोट वर करून त्याला खुणावलं, ओळ पुरी कर. त्यानं ओळ पुरी केली, आणि मगच फोन काढून तिच्या हातात दिला.